घरी शिकणाऱ्या मुलाला बाहेरचं कोण ओळखतं? : राज्य बालहक्क आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग, मुंबई

विषय : घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद ठेवणे व त्यांची नियमित भेट घेणे याबाबत

स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते. माझी मुलगी आणि मुलगा शाळेत जात नाहीत. आम्ही दोघं नवरा-बायको त्यांना घरीच शिकवतो. बालभारतीची पुस्तकं, वाचनालय, टेकडी, एका निवृत्त सरांकडे गणित, संध्याकाळी मैदान असा त्यांचा दिवस असतो. ही निवड आम्ही विचार करून केली आणि तिच्यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. तरीही आपल्याकडे एक मागणी करते आहे. आमची मुलं शासनाच्या कुठल्यातरी वहीत नोंदलेली असावीत, आणि वर्षातून दोनदा तरी घराबाहेरच्या एखाद्या प्रशिक्षित माणसाने त्यांना भेटावं, आम्ही समोर नसताना त्यांच्याशी बोलावं.

होमस्कूलिंग करणाऱ्या आईनेच हे मागावं, हे माझ्या ओळखीतल्या काही पालकांना रुचणार नाही. त्यांच्याशीही याच पत्रात बोलणार आहे. आधी आज काय चाललं आहे ते आपल्यापुढे ठेवते.

मुलीला दुसरीनंतर शाळेतून काढलं तेव्हा आम्ही एका कागदावर अर्ज लिहून दिला. थोड्याच दिवसांत दाखला हातात आला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'पालकांच्या अर्जावरून'. पुढची शाळा कोणती, असं कोणी विचारलं नाही. मूल उद्यापासून दिवसभर कुठे असणार, हेही विचारलं नाही. मुलीच्या मनात काय आहे, हा प्रश्न तर कोणाच्या डोक्यातही आला नाही. तिच्या बाई फार प्रेमळ होत्या, त्यांनी तिला जवळ घेऊन निरोप दिला. पण त्यांच्या हातात तेवढंच होतं. त्यानंतर आजपर्यंत शासनाचं कोणीही आमच्या मुलांची विचारपूस करायला आलेलं नाही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करणाऱ्या एक शिक्षिका सोसायटीच्या फाटकापर्यंत आल्या होत्या, असं नंतर कळलं. इथली सगळी मुलं शाळेत जातात, असं वॉचमनने सांगितलं आणि त्या पुढच्या वस्तीकडे गेल्या.

माझ्या घरात मुलांना कसला त्रास नाही, हे मला माहीत आहे. आपल्याला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याची काही सोयही नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणं, एवढा एकच मार्ग आपल्यापुढे आहे. पोराला पट्ट्याने मारणारा बापसुद्धा अगदी असाच शब्द देईल.

कायद्यात आम्ही नेमके कुठे बसतो, हे आजवर कोणी स्पष्ट केलेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० सांगतं की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते न पाळल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि 'सक्तीचं' या शब्दाची जबाबदारी कलम ८ मध्ये सरकारवर टाकलेली आहे. दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या एका मुलीची याचिका आली. तिच्यात २०१२ मध्ये, स्वतःहून घरी शिकवू पाहणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने मांडली. त्या भूमिकेच्या आधारावर आमच्यासारखी घरं निर्धास्त झाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. परीक्षेची वाट मोकळी आहे. पण या सगळ्या व्यवस्था परीक्षार्थी ओळखतात. सात वर्षांचं मूल परीक्षार्थी नसतं. ते फक्त मूल असतं, आणि त्या वयात त्याला घराबाहेरचं कोणी नावाने ओळखतं का, हे पाहणारी एकही व्यवस्था नाही.

त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवावी, असं म्हटलं आहे. प्रत्येक मुलाची, शाळेत असलेल्या मुलाची, असं तिथे नाही. म्हणजे मी मागते आहे त्यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहायला नको. आणि कलम ३१ नुसार या कायद्याखालच्या हक्कांवर देखरेख ठेवण्याचं काम आपल्या आयोगाचं आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

शाळा मुलांना शिकवते, हे सगळे बोलतात. शाळा मुलांना रोज पाहते, हे कमी बोललं जातं. चाळीस पोरांच्या वर्गातसुद्धा बाईंना कळतं की अमुक मुलगी दोन दिवस डबा आणत नाही, तमुक मुलगा बाकावर डोकं टेकून झोपतो, काल हसणारी आज कोणाला जवळ येऊ देत नाही. दंडावरचा वळ दिसतो. मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या कानात सांगितलेली गोष्ट कधीकधी बाईंपर्यंत पोचते. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ ने लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकली आहे आणि न कळवणाऱ्यासाठी कलम २१ मध्ये शिक्षाही आहे. पण कळवण्याआधी कोणालातरी कळावं लागतं. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत कळणार कोणाला? आई-बाप, आजी-आजोबा, काका, शिकवणीचे सर. त्रास देणारा यांच्यातलाच असेल तर ते कलम कागदावरच राहतं.

आणि तो बहुधा यांच्यातलाच असतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालछळाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो झाला होता, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास होता असे होते. कुटुंबात मारहाण सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच होते. बहुतेक मुलांनी हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला तेव्हा लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळांना कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमायच्या, पण कागदावर पडून असलेल्या सखी सावित्री समित्यांची आठवण झाली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. त्याच आठवड्यांत आमच्या ओळखीतल्या कितीतरी आया मला फोन करून विचारत होत्या, 'आम्हीही घरीच शिकवू का? घरात तरी पोर सुरक्षित राहील.' मी त्यांना घरच्या शिक्षणाबद्दल सांगितलं, पुस्तकं सुचवली. पण घर आहे म्हणून पोर सुरक्षित आहे, या त्यांच्या म्हणण्याला मी होकार देऊ शकले नाही. कॅमेरा शाळेच्या जिन्यात लावता येतो. घरात तो लावता येत नाही आणि लावूही नये. म्हणून घरासाठी वेगळी काळजी लागते, आणि ती माणसानेच घ्यावी लागते.

घरी शिकण्याची थोर परंपरा आमच्या गटांमध्ये नेहमी सांगितली जाते आणि ती खरी आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आईने शिकवलं. अलीकडचं सांगायचं तर दहावी-बारावीची प्रमाणपत्रं नसलेली मुंबईची एक मुलगी २०१६ मध्ये माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेत एमआयटीला गेली. आनंदीबाई जोशींचं नावही याच यादीत अभिमानाने घेतलं जातं. नवव्या वर्षी लग्न झालेल्या कल्याणच्या त्या मुलीला नवऱ्याने, गोपाळरावांनी, घरात शिकवायला घेतलं आणि १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियातून डॉक्टर झाली. या गोष्टीचा दुसरा भाग मात्र आम्ही सांगत नाही. अभ्यासासाठी गोपाळराव तिला मारत. दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या यांचा उल्लेख आनंदीबाईंनी स्वतः अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात केला आहे. शिक्षक तोच, पालक तोच, नवरा तोच. मग ती मुलगी जाणार कोणाकडे? आनंदीबाईंच्या कर्तृत्वाने त्या माराचं समर्थन होत नाही. ज्या घरात शिकवणाराच सर्वेसर्वा असतो, तिथे उत्तम शिक्षण आणि क्रूरपणा एकाच खोलीत सुखाने नांदू शकतात, हे त्या घराने दाखवून दिलं आहे. म्हणूनच 'मुलाची प्रगती चांगली आहे' हा मुलाच्या सुरक्षिततेचा पुरावा मानू नका, असं मी आपल्याला कळकळीने सांगते. घरी शिकणाऱ्या मुलाची वही तपासून त्याचे हाल कळत नाहीत.

ब्रिटनचं उदाहरण मी मुद्दाम सविस्तर देते, कारण तिथे घरी शिकवणं जुनं आहे, कायद्याने मान्य आहे, आणि तिथे काय चुकलं ते सगळं नोंदलेलं आहे. खायरा इशाक ही बर्मिंगहॅमची सात वर्षांची मुलगी. डिसेंबर २००७ मध्ये तिला शाळेतून काढलं, घरी शिकवतो म्हणून सांगितलं. शाळेतल्या शिक्षिकेला काळजी वाटत होती, त्यांनी यंत्रणेला कळवलंही. समाजकार्यकर्त्यांनी तिला घराच्या दारातच पाहिलं आणि ते परतले. मे २००८ मध्ये ती उपासमारीने खंगून मरण पावली. पुढच्या वर्षी सरकारने नेमलेल्या ग्रॅहम बॅडमन यांच्या अहवालाने घरी शिकणाऱ्या मुलांची सक्तीची नोंदणी सुचवली. विधेयकात ते कलम आलं. मग २०१० ची निवडणूक जवळ आली, घाईघाईत विधेयकं उरकताना जी कलमं गाळली गेली त्यांत हेही गेलं. पुन्हा तो विषय मार्गी लागायला दीड दशक गेलं.

२०२३ मध्ये वोकिंग गावातल्या सारा शरीफ या दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरच्या खुणा मार्चमध्ये शिक्षकांच्या लक्षात आल्या, शाळेने वर कळवलं, चौकशी थोड्याच दिवसांत बंद झाली. एप्रिलमध्ये वडिलांनी तिला घरी शिकवणार म्हणून शाळेतून काढलं. ऑगस्टमध्ये तिचा खून झाला. डिसेंबर २०२४ मध्ये वडील आणि सावत्र आई खुनासाठी दोषी ठरले. १७ डिसेंबरला त्यांना शिक्षा सुनावली गेली आणि त्याच दिवशी ब्रिटिश संसदेत नवं विधेयक मांडलं गेलं: शाळेबाहेरच्या मुलांची नोंदवही, आणि ज्या मुलाच्या सुरक्षेची चौकशी चालू आहे त्याला स्थानिक प्रशासनाच्या संमतीशिवाय शाळेतून काढता येणार नाही. दोन्ही गोष्टी साध्या आहेत. पहिल्या मुलीनंतर लगेच झाल्या असत्या तर दुसऱ्या मुलीला शाळेतून काढताना कदाचित एखाद्या अधिकाऱ्याला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

त्या कुटुंबांनी होमस्कूलिंग केलंच नव्हतं, त्यांनी त्याचं नाव वापरलं, असं तिथले पालक म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण नाव वापरता येतं, हीच तर माझी काळजी आहे. आपल्याकडे हे नाव अजून शहरी, शिकलेल्या घरांपुरतं आहे. हळूहळू ते सगळीकडे पोचेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के होतं. सातवी-आठवीतून काढलेली मुलगी आज पटावर गैरहजर दिसते, म्हणून एखादा बालरक्षक शिक्षक तिच्या घरी जातो, बापाशी भांडतो, प्रसंगी लग्न थांबवतो. उद्या त्याच बापाने 'ती घरी शिकते' असं लिहून दिलं, तर त्या शिक्षकाने कोणत्या अधिकाराने दार वाजवायचं? बालमजुरीचंही तेच. २०१६ च्या दुरुस्तीने मुलाला घरच्या धंद्यात मदत करायला परवानगी दिली, पण शाळेची वेळ संपल्यावर आणि सुट्टीत. ज्याला शाळाच नाही, त्याची शाळेची वेळ कधी संपते? खानावळीत दिवसभर भांडी घासणारं मूल 'घरी शिकणारं' म्हणून सहज खपवता येईल. कुठल्याशा नोंदणी नसलेल्या आश्रमात ठेवलेली मुलंही.

आता भेटीबद्दल. घरी जाऊन मुलाला भेटणं आपल्या राज्याला नवं नाही. २०१२ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय मिळाला. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक आजही अशा मुलांच्या घरी जातात. काही गावांत त्या घरात आठवडाभरात बाहेरून येणारं दुसरं कोणी नसतं, आणि आई त्या शिक्षिकेची वाट पाहत असते. ज्या मुलाला बोलता येत नाही, हालता येत नाही, त्याच्यावर होणारा अन्याय बाहेर येण्याची शक्यता सगळ्यांत कमी. त्या घरात ही एक भेट किती मोलाची असेल याचा विचार करा. हीच वाट आमच्या मुलांसाठी रुंद करायची आहे. फक्त त्या शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून हे काम त्यांच्या गळ्यात न मारता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यावं आणि त्यासाठी माणसं वाढवावीत. माणसं न वाढवता नुसतं परिपत्रक काढणार असाल तर काढू नका. भेट झाल्याच्या खोट्या सह्या तेवढ्या जमतील.

मला हवी आहे ती व्यवस्था अशी. मुलाला घरी शिकवायचं ठरवणाऱ्या पालकाने प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लेखी सूचना द्यावी. परवानगी मागायची वेळ त्याच्यावर आणू नये, कारण परवानगी आली की टेबलाखालचा व्यवहार येतो. 'शाळेत' आणि 'शाळाबाह्य' यांच्याशिवाय 'घरी शिकते' हा तिसरा रकाना असावा. दाखला देताना मुख्याध्यापकांनी खरं कारण लिहावं आणि मूल दुसऱ्या शाळेत जात नसेल तर बाल संरक्षण कक्षाला कळवावं. त्या मुलाबद्दल आधी काही तक्रार असेल, संकटातल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बालकल्याण समितीपुढे प्रकरण असेल, किंवा बाईंनी कधी शंका नोंदवली असेल, तर समितीने मुलाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय दाखला निघू नये. या एका मुद्द्यावर तडजोड नको. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.

भेटायला येणारी व्यक्ती शक्यतो दरवर्षी तीच असावी. अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत कोणतंही मूल काही सांगत नाही; तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगेल. एक भेट घरी, एक बाहेर, मुलाला आवडेल त्या ठिकाणी. दोन्ही वेळा काही काळ मुलाशी एकट्याने बोलणं. प्रत्येक मुलाच्या हातात १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आणि त्या व्यक्तीचं नाव असलेलं कार्ड असावं, आणि तो नंबर कशासाठी आहे हे मुलाला त्याच्या भाषेत सांगितलेलं असावं. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. तिचा नंबर आज शाळांच्या भिंतींवर दिसतो, आमच्या भिंतींवर दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करतात, तशी वर्षातून एकदा आमच्या मुलांचीही व्हावी. वजन, उंची, दात, डोळे पाहताना डॉक्टरला आणखीही बरंच दिसतं.

आणि या भेटीत अभ्यास तपासू नये. पाढे येतात का, कोणतं पुस्तक चालू आहे, हे विचारायला ती व्यक्ती आलेलीच नाही. आमचं मूल नवव्या वर्षी वाचायला लागलं तरी तो गुन्हा ठरू नये. सुरक्षितता आणि अभ्यासक्रम या दोन गोष्टी एकाच अधिकाऱ्याच्या हातात दिल्या की पालक लपतील, आणि ज्यांच्याकडे लपवण्यासारखं आहे ते सगळ्यांत आधी लपतील.

इथे माझ्या सोबतच्या पालकांशी थोडं बोलू द्या.

तुमची भीती खोटी नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेने नाकारलेलं, टोमणे खाल्लेलं, मार खाल्लेलं मूल घरी आणलं आहे. स्वमग्न मुलांच्या आया किती शाळांच्या पायऱ्या चढून उतरल्या, हे मी ऐकलं आहे. आता पुन्हा सरकारी माणूस घरात येणार, आपल्या मुलाकडे बघून मान हलवणार, या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. पण आपल्या गटातली एक मुलगी आठवा. रविवारच्या भेटीला यायची ती यायची बंद झाली. तिच्या आईने सांगितलं, 'तिला माणसांत मिसळायला आवडत नाही हल्ली.' आपण मान डोलावली. काही महिन्यांनी कळलं की आजी आजारी म्हणून ते सगळे नागपूरला राहायला गेले होते आणि मुलगी मजेत होती. ती मजेत होती हे आपलं नशीब. नसती तर आपल्यापैकी कोणाला कळलं असतं? कोणाला विचारायचं, हे तरी आपल्याला माहीत होतं का? मुलांना स्वातंत्र्य हवं म्हणून आपण शाळा सोडली. मग आई-बापापासून दूर बसून कोणाशी तरी बोलण्याचं स्वातंत्र्य आपल्याच मुलांना का नको?

आणखी एक. आज आपण ज्या मोकळीकीत आहोत ती कुठल्याही नियमाने दिलेली नाही, त्यामुळे ती एका बातमीने जाऊ शकते. उद्या महाराष्ट्रात एखाद्या घरात भयंकर काही घडलं आणि तिथे 'होमस्कूलिंग' हा शब्द निघाला, तर चार दिवसांत सरसकट बंदीची मागणी होईल आणि आपल्यापाशी दाखवायला एक कागदही नसेल. नोंद झालेली घरं निदान आपली बाजू मांडू शकतील. मी मात्र बंदीच्या भीतीपोटी हे मागत नाही. बंदी कधीच येणार नसती तरी मागितलं असतं.

आयोगाच्या सदस्यांनो, बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत ११ डिसेंबर १९९२ ला सामील झाला. त्याचं बारावं कलम म्हणतं की मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि ते ऐकलं गेलं पाहिजे. घरी शिकण्याबद्दल आजवर जे वाद झाले त्यांत पालक बोलले, वकील बोलले, मंत्रालय बोललं. २००५ च्या ज्या कायद्याने आपला आयोग उभा राहिला, त्याने आपल्याला चौकशी करण्याचा, सुरक्षेच्या तरतुदी तपासण्याचा आणि शासनाला शिफारस करण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सुनावणी ठेवा. शालेय शिक्षण आणि महिला व बालविकास या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच टेबलावर बसवा, कारण आमची मुलं नेमकी या दोन खात्यांच्या मधल्या फटीत आहेत. बालकल्याण समित्यांना विचारा की त्यांच्यापुढे आलेल्या किती मुलांचे दाखले आधीच काढून नेलेले होते. आणि आधी मुलांना बोलवा: घरी शिकणाऱ्या, घरी शिकून मोठ्या झालेल्या, घरी शिकता शिकता पुन्हा शाळेत गेलेल्या.

पुण्याची तारीख कळवलीत तर मी येईन. मुलीचा दाखला, तिच्या वह्या, डॉक्टरांची कागदपत्रं, जे मागाल ते आणेन. मुलीलाही विचारलं आहे, तिची यायची तयारी आहे. तिच्याशी बोलताना मला बाहेर बसवा.

आपली,
घरी शिकणाऱ्या दोन मुलांची आई
पुणे